जपमाळ, काउंटर की वही? सातारा-सांगलीकडच्या बाजारात मिळणाऱ्या जपसाधनांचं परीक्षण

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या माणसाचा वेळ वाचेल. तुळशीची, १०८ मणी आणि वर मेरूमणी (माळेची सुरुवात-शेवट दाखवणारा जास्तीचा मणी) असलेली, सुती दोऱ्यात मण्यागणिक गाठ मारलेली माळ घ्या. मणी ६ ते ८ मिलिमीटरचा असू द्या. सोबत अस्तर लावलेली साधी सुती गोमुखी (आत हात घालून माळ ओढायची पिशवी) घ्या. बोटात घालायचं डिजिटल काउंटर दुकानातच राहू द्या. जपाची वही काही जणांना उपयोगी आहे, सगळ्यांना नाही. आणि खिशात दमडी नसेल तरी अडत नाही, बोटांच्या पेरांवर फुकट जप होतो. त्याची रीत पुढे दिली आहे.

आता निकष. साधन कशासाठी आहे हे ठरवल्याशिवाय त्याला चांगलं-वाईट म्हणता येत नाही. सातारा जिल्ह्यात समर्थांचा सज्जनगड आहे, त्यांनी उभारलेलं चाफळचं राममंदिर आहे, आणि माण तालुक्यात ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांचं (१८४५ ते १९१३) गोंदवले बुद्रुक आहे. या सगळ्या परंपरेचं सांगणं एकाच ठिकाणी येऊन थांबतं: कर्ता राम आहे, मी नाही. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या तेरा अक्षरी मंत्राचा जप हा त्या सांगण्याचा रोजचा सराव. आपल्या हुशारीवर, आपल्या ओळखींवर, कोणाच्या तरी शब्दावर टेकलेलं मन थोडं थोडं सोडवून रामावर टेकवायचं, एवढंच काम या सगळ्या वस्तूंना करायचं आहे. म्हणून इथे प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला आहे: ती वापरून उठल्यावर ‘मी एवढं केलं’ हे वाढतं की उतरतं? टिकाऊपणा, भाव, दिसणं हे त्यानंतर.

तुळशीच्या माळेपासून सुरुवात करू, कारण फसवणूकही इथेच जास्त आहे.

आपल्याकडे येणाऱ्या तुळशीच्या माळा मुख्यतः दोन ठिकाणच्या. पंढरपूरच्या, जिथे काशीकापडी समाज पिढ्यानपिढ्या हे काम करत आला आहे, आणि मथुरा-वृंदावनच्या. पंढरपुरी माळेचा मणी थोडा ओबडधोबड, कमी-जास्त आकाराचा असतो. उत्तरेकडची माळ यंत्रावर उतरवलेली, गोल गुळगुळीत. गुळगुळीत म्हणजे खोटी असं नाही, पण तुळशीचं झाड केवढं असतं हे डोळ्यांसमोर आणा. त्याचं खोड बुंध्यापाशीसुद्धा फार जाड होत नाही. त्यामुळे ६-८ मिलिमीटरचा मणी सहज निघतो, १० मिलिमीटरचा निवडक जुन्या खोडातून निघतो, आणि त्याहून मोठ्या एकसारख्या १०८ मण्यांची माळ कोणी स्वस्तात पुढे केली तर ते लाकूड दुसऱ्याच झाडाचं असण्याची शक्यता फार मोठी. खऱ्या मण्यावर बारीक उभ्या रेषा दिसतात, कधी मधला गाभा भोकापासून जरा बाजूला सरकलेला दिसतो, आणि मणी हाताला हलका लागतो.

दुकानात सांगितल्या जाणाऱ्या दोन परीक्षा निरुपयोगी आहेत. पहिली वासाची. वाळलेल्या तुळशीच्या काडीला फारसा वास राहत नाही. माळेला घमघमाट येत असेल तर तिला अत्तर चोळलेलं आहे. दुसरी पाण्यात तरंगण्याची. हलकं लाकूड कुठलंही तरंगतं, त्याने तुळस सिद्ध होत नाही. उपयोगाची परीक्षा साधी आहे: पांढरा सुती रुमाल ओला करून चार-पाच मणी जोरात चोळा. तपकिरी किंवा पिवळसर रंग उतरला तर मणी रंगवलेले आहेत. रंगवलेली माळ उन्हाळ्यात घामाने बोटं रंगवते, गोमुखीला डाग पाडते आणि दोरा लवकर कडक करते.

मणी मोजून घ्या. हे सांगताना दुकानदाराचा अपमान होत नाही, चांगला दुकानदार स्वतःच मोजून देतो. दुकानाच्या टेबलावर माळ पसरून दहा-दहाचे गट करायचे. दहा गट आणि वर आठ, मेरू वेगळा. १०६ किंवा १०९ मण्यांच्या माळा सर्रास सापडतात, कारण ओवणारा गठ्ठ्याने ओवतो. एखाद-दुसऱ्या मण्याने देव रागावत नाही हे खरंच. पण ‘माझी माळ कमी भरते’ ही शंका एकदा मनात बसली की जपापेक्षा तीच जास्त फिरते.

गाठीची माळ का घ्यायची याची कारणं अगदी व्यवहारातली आहेत. गाठ असली की दोन मण्यांमध्ये अंगठ्याला खाच लागते, त्यामुळे अंधारात किंवा डोळे मिटून एका वेळी एकच मणी सरकतो. मणी एकमेकांवर आपटत नाहीत, आवाज येत नाही, कडा झिजत नाहीत. आणि दोरा तुटला तर एखादाच मणी निसटतो, १०८ मणी फरशीवर पळत नाहीत. बिनगाठीची माळ घ्यायचीच झाली तर तिच्यात दोन-तीन मण्यांइतकी ढील हवी. घट्ट ओवलेल्या माळेत मणी सरकत नाही, आख्खी माळ ओढावी लागते आणि दोरा मेरूपाशी तुटतो.

लांबीचा हिशेब लक्षात ठेवा, कारण गोमुखी त्यावर ठरते. ६ मिलिमीटरचे १०८ मणी म्हणजे सुमारे ६५ सेंटिमीटर, त्यात दीड मिलिमीटरच्या गाठी धरल्या तर घेर ८१ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे बोटावर धरल्यावर माळ ४० सेंटिमीटर खाली लोंबते. ८ मिलिमीटरच्या मण्यांची, २ मिलिमीटर गाठींची माळ घेराला १०८ सेंटिमीटर आणि लोंबायला ५४ सेंटिमीटर. सांधे धरलेल्या, बोटं कडक झालेल्या वडीलधाऱ्यांना ८ मिलिमीटरचीच द्या. बारीक मणी त्यांच्या अंगठ्याखाली दोन-दोन सरकतात. प्रवासासाठी २७ मण्यांची स्मरणी पुरते, चार फेऱ्यांची एक माळ. सातारा-पुणे रोजची एसटी करणाऱ्यांनी हीच घ्यावी, मोठी माळ बॅगेच्या चेनमध्ये अडकते.

दोरा सुतीच. नायलॉन टिकतो असं सांगून विकतात आणि तो खरंच तुटत नाही, पण त्याची गाठ सुटते आणि तो मण्याच्या भोकाची कड कापत जातो. दोन-तीन वर्षांत भोक लांबुळकं होतं आणि मणी डुगडुगतो. रेशीम चांगलं, पण गाठवणारा हवा. इलॅस्टिकची ‘ब्रेसलेट माळ’ जपासाठी घेऊच नये, ती ताणली की मणी उड्या मारतात. मेरूमण्याखालचा गोंडा उगाच नसतो. दोऱ्याची दोन्ही टोकं त्यात बांधलेली असतात. तो ओढून पाहा. सैल असेल तर माळ पहिल्या महिन्यातच उसवणार.

भाव जत्रेत, एकादशीला आणि दुकानागणिक बदलतो, पण साधी गाठीची तुळशीची माळ साधारण शंभर ते तीनशे रुपयांत यायला हवी. त्याहून जास्तीचे पैसे बहुतेक वेळा चांदीच्या टोप्यांचे, डबीचे किंवा ‘सिद्ध’ या शब्दाचे असतात. गोंदवल्याच्या आणि सज्जनगडाच्या वाटेवरच्या दुकानांत निवड भरपूर, पण उत्सवाच्या गर्दीत मोजून घ्यायला निवांतपणा नसतो. सांगलीत गणपती पेठ आणि मारुती रोडच्या पूजासाहित्याच्या दुकानांत आडदिवशी गेलात तर दहा माळा पुढे पसरून निवडता येतात. आषाढीच्या आधी पालखी लोणंद-फलटणहून जाते तेव्हा रस्त्याकडेला माळांचे ढीग लागतात. त्यात गळ्यात घालायच्या वारकरी माळा जास्त असतात. ती माळ वेगळी आणि जपाची वेगळी ठेवावी. गळ्यातल्या माळेवर जप करू नये अशी रीत आहे, आणि व्यवहारही तेच सांगतो: घामाने भिजलेला दोरा जपाच्या ओढीने लवकर तुटतो.

बाकीच्या मण्यांबद्दल थोडक्यात. रुद्राक्षाची माळ रामनामाला चालते की नाही यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. हाताळायला ती खरखरीत आणि जड पडते, खाचांत मळ बसतो, महिन्यातून एकदा मऊ ब्रशने साफ करावी लागते. पाण्यात बुडला तो खरा ही परीक्षा रुद्राक्षालाही लागू नाही. स्फटिकाची माळ उन्हाळ्यात बोटांना गार लागते, पण बाजारातली बरीचशी काचेची असते. भिंगातून पाहिल्यावर मण्यात गोल बुडबुडे दिसले तर काच समजा. खरा स्फटिक काचेवर चरा पाडतो. त्यातही भोकाच्या कडा घासलेल्या नसतील तर दोरा सहा महिन्यांत कापला जातो. चंदनाची माळ वासावर विकली जाते आणि तो वास बहुतेकदा तेलाचाच असतो. पैसे वाचवा.

गोमुखीकडे लोक शोभेची वस्तू म्हणून पाहतात, पण आमच्या मते माळेनंतर सगळ्यात कामाची वस्तू हीच. तिचा उपयोग माळ झाकायला. दुसऱ्याला दिसू नये हे झालंच, पण आपल्यालाही दिसू नये हे जास्त महत्त्वाचं. उघडी माळ हातात असली की डोळा सारखा मेरू किती लांब आहे ते पाहतो. गोमुखीत हात गेला की पुढचा मणी एवढंच कळतं. घेताना ती आतून उलटी करून पाहा. आतली शिवण उघडी असेल तर गोंड्याचे धागे तिच्यात अडकतात. मखमलीची गोमुखी चैत्र-वैशाखात हाताला घाम आणते. खणाची दिसते देखणी, पण अस्तर नसेल तर आतून मनगटाला टोचते. तोंड इतकं रुंद हवं की हात सहज आत जाईल आणि तर्जनी बाजूच्या भोकातून बाहेर राहील. ८ मिलिमीटरच्या माळेला तळाशी ऐसपैस जागा लागते, नाहीतर माळ गोळा होऊन पीळ पडतो.

आता डिजिटल काउंटर. अंगठीसारखं बोटात बसतं, बटण दाबलं की आकडा वाढतो. चार-पाच आकडी संख्या दिसते, आत बटणाएवढा सेल असतो. स्वस्त आहे, हलकं आहे, प्रवासात सोयीचं आहे. दोष असे: रबरी बटण सैल झालं की एका दाबात दोन आकडे पडतात, खिशात रीसेटचं बटण दाबलं जाऊन आकडा शून्य होतो, दिवा लागणारं मॉडेल रात्री खोलीतल्या दुसऱ्याची झोप मोडतं. लोखंडी, दट्ट्याचं जुनं काउंटर जास्त टिकतं, पण त्याची टकटक शेजारच्याला ऐकू जाते आणि चार आकडी असल्यामुळे ९९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतं.

हे सगळे दोष दुरुस्त झाले तरी आमचं मत बदलणार नाही. काउंटर आकडा साठवतं, आणि साठवलेला आकडा मनात ठेव म्हणून जमा होतो. आकडा शून्य झाल्यावर माणूस हळहळतो, तेव्हाच कळतं की भरवसा कशावर होता. परंपरेत तेरा कोटी जपाचा उल्लेख नेहमी येतो, समर्थांनी नाशिकजवळच्या टाकळीला तेवढा जप केला असं सांगतात. तो आकडा गृहस्थाने स्वतःसाठी मांडून पाहावा. रोज दहा माळा, माळेचे १०० धरून (का ते पुढे) १००० जप, तर तेरा कोटीला १,३०,००० दिवस लागतात, म्हणजे ३५६ वर्षं. मोजून तिथे पोहोचायचं नाही हे कळायला एवढी एकच आकडेमोड पुरे. (अपवाद एकच: दहा-वीस घरांनी मिळून सामुदायिक संकल्प केला असेल आणि प्रत्येकाने आकडा कळवायचा असेल तर काउंटर घ्या. तिथे आकडा कोणा एकाचा नसतो.)

मोबाइलवरची जपाची अॅप त्याहून वाईट. त्यांत आलेख, सलग दिवसांचा आकडा, दुसऱ्यांच्या तुलनेत आपला क्रमांक असलं काहीबाही असतं. एक दिवस चुकला की ‘साखळी तुटली’ असा निरोप येतो. जपात खंड पडल्यावर माणसाने रामाकडे यायचं की मोबाइलकडे? शिवाय ज्या पडद्यावर जप, त्याच पडद्यावर बाजारभाव आणि भावकीचे निरोप.

जपाची वही मात्र विचार करण्यासारखी आहे. चौकोन आखलेल्या वह्या तयार मिळतात. एका चौकोनात एकदा नाम. ‘श्रीराम’ लिहायला दोन-तीन सेकंद, तेरा अक्षरी मंत्र नीट लिहायला आठ-दहा सेकंद लागतात, म्हणजे १०८ चौकोनांचं पान पूर्ण मंत्राने भरायला पंधरा ते अठरा मिनिटं. माळेच्या तिप्पट-चौपट वेळ. ज्यांचं मन माळेवर अजिबात थांबत नाही, विशेषतः तरुण मुलं आणि सतत काळजी करणारी माणसं, त्यांना हात गुंतल्यामुळे बरं पडतं. कागद पाहून घ्या. पातळ कागदावर जेल पेनची शाई मागे उमटते आणि उलटं पान वाया जातं, बॉलपेन वापरा. चौकोन एक सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर पूर्ण मंत्र मावत नाही, अक्षर चिरडतं. दोष एकच पण मोठा: भरलेल्या वह्यांची चळत कपाटात दिसत राहते आणि पाहुण्यांना दाखवली जाते. वही भरली की ती स्वीकारणाऱ्या मंदिरात आधी विचारून देऊन टाका. कृष्णेत सोडू नका; माहुलीला काय आणि सांगलीच्या घाटावर काय, नदीला आपल्या कागदाची गरज नाही.

फुकटचं साधन म्हणजे करमाळा. उजव्या हाताच्या अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरू करायचं, मग अनामिकेचं खालचं पेर, करंगळीचं खालचं, मधलं, वरचं, अनामिकेचं वरचं, मधल्या बोटाचं वरचं, तर्जनीचं वरचं, मधलं, खालचं. दहा झाले. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं मेरू समजून सोडायची. दहाचा एक फेरा झाला की डाव्या हाताचं एक पेर पुढे. असे दहा फेरे म्हणजे शंभर, वर आठ. बोटं एकमेकांना चिकटलेली ठेवायची. आठवडाभर चुकतं, मग हात आपोआप फिरतो. रुग्णालयाच्या बाकावर, कोर्टाच्या व्हरांड्यात, कोणाला काही कळू न देता जप करायचा तर याला तोड नाही.

आता ज्या वस्तूबद्दल स्पष्ट बोलायला हवं ती: ‘सिद्ध’, ‘अभिमंत्रित’, ‘प्रमाणपत्रासह’ माळ. तीच तुळस, तोच दोरा, भाव पाच-दहा पट, आणि सोबत नोकरी, लग्न, कोर्टकज्जा यांची हमी. याच माळकेतली दुसरी सेवा म्हणजे पैसे भरून आपल्या नावाने दुसऱ्याकडून जप करवून घेणं. दोन्हींत एकच गोम आहे. रामावर ठेवायचा भरवसा वस्तूवर नाहीतर विकणाऱ्यावर सरकतो, आणि काम नाही झालं की माणूस आणखी मोठ्या माळेच्या शोधात निघतो. हमी मागू नये, आणि देणाऱ्याच्या दुकानात थांबूही नये.

माळ वापरायची कशी, कारण चांगली माळ चुकीच्या हातात खेळणं होते. बसायला घोंगडी किंवा आसन, पाठ ताठ. माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लावायची नाही. मेरूच्या शेजारच्या मण्यापासून सुरू. फिरून मेरूपाशी आलं की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवून पुन्हा तिथूनच परत निघायचं. तेरा अक्षरी मंत्र निवांत म्हटला तर अडीच सेकंद लागतात, म्हणजे १०८ ला साडेचार मिनिटं. दीड मिनिटात माळ होत असेल तर मंत्र गिळला जातोय. माळेत १०८ मणी असून ती मोजताना १०० धरायची, वरचे आठ चुकलेल्या, अर्धवट राहिलेल्या, झोपेत गेलेल्या नामांसाठी. चुका होणार हे ओवणाऱ्यांनीच गृहीत धरलं आहे.

सुरुवातीला रोज तीन माळा, म्हणजे पंधरा मिनिटं, आणि तीन महिने त्यात एकही वाढवू नका. उत्साहात अकरा माळा धरणाऱ्यांचा जप पंधरा दिवसांत सुटतो. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी सहा करून भरपाई करू नका. भरपाई हा देवाशी मांडलेला उधारीचा हिशेब. झोप येत असेल तर उभं राहून करा.

शेवटी उदक सोडायचं, आणि हे बहुतेक लोक विसरतात. तळहातावर पळीभर पाणी घ्यायचं, ‘श्रीरामार्पणमस्तु’ म्हणायचं आणि बोटांवरून ते ताम्हनात सोडायचं. झालेला जप, त्याचा आकडा, त्यातून काही मिळेल ही अपेक्षा, सगळं त्यासोबत गेलं. माळ काउंटरपेक्षा सरस ठरते ती यासाठीच: मेरूपाशी आली की तिच्याकडे दाखवायला काही शिल्लक नसतं.

जप सुरू केल्यावर एक गैरसमज नेहमी होतो, तो काढून टाकायला हवा. भरवसा ठेवायचा म्हणजे हात जोडून बसायचं असं नाही. तासगावच्या द्राक्षबागायतदाराचं पाहा. ऑक्टोबर छाटणी झाली, फुटवे निघाले आणि आभाळ भरून आलं, धुकं पडलं, की डाऊनी या बुरशीरोगाची भीती. फवारणी वेळेत करायलाच हवी, पाण्याचा निचरा पाहायलाच हवा, विमा उतरवायलाच हवा. हे न करता माळ घेऊन बसलेला माणूस आळशी म्हणायचा. पण हे सगळं करून झाल्यावर रात्री अकरा वाजता चौथ्या सल्लागाराला फोन लावणं, पुन्हा हवामानाचं पान उघडणं, शेजाऱ्याने कोणतं औषध मारलं याची चौकशी करणं, यातून बागेला काही मिळत नाही. माळेची वेळ ती. उद्याचा पाऊस आपल्या हातात नव्हता आणि त्या चौघांच्याही नव्हता. माळेने पाऊस थांबत नाही. ती पंधरा मिनिटं फोन हातात येऊ देत नाही, आणि सकाळी जे करायचं ते शांत डोक्याने होतं. बाग गेली तरी तीच माळ दुसऱ्या दिवशी घ्यायची असते, आणि खरी कसोटी त्या दिवशी लागते. ‘इतक्या माळा करतो, एवढं वाचव’ असं बोलून बसलेला त्या दिवशी माळ फेकतो, कारण त्याने सौदा केला होता.

देखभाल फार नाही. तुळशीची माळ धुवू नये. लाकूड फुगतं, सुकताना भोकापाशी चिरतं आणि दोरा आतून कुजतो. कोरड्या सुती फडक्याने पुसायची. वर्षातून एकदा तिळाच्या तेलाचे दोन थेंब बोटावर घेऊन मण्यांना चोळायचे, जास्त झालं तर धूळ धरते. गोमुखी धुतली तर पूर्ण वाळल्याशिवाय माळ आत ठेवू नका, बुरशी येते. पावसाळ्यात महाबळेश्वर-कासच्या बाजूला राहणाऱ्यांनी माळ बंद प्लास्टिकच्या डबीत ठेवू नये, कापडी पिशवीत ठेवावी.

दोरा साधारण दोन-तीन वर्षांत बदलावा लागतो. आधी मेरूजवळच्या चार-पाच गाठी काळपट आणि बारीक होतात. तेवढ्यावरच गाठवून घ्या, तुटायची वाट पाहू नका. दागिने गाठवणारा पटवेकरी हे काम करतो. साताऱ्यात मोती चौकाच्या आसपास आणि सांगलीत सराफ कट्ट्याकडे चौकशी केली तर सापडेल. मणी त्याच्यासमोर मोजून द्या आणि मोजून घ्या, आणि ‘सुती दोरा, प्रत्येक मण्याला गाठ’ एवढं स्पष्ट सांगा, नाहीतर तो दागिन्याच्या सवयीने नायलॉन घालतो. चिरलेले मणी बदलायचे असतील तर त्याच जाडीचे दोन-चार सुटे मणी माळ घेतानाच मागून ठेवावेत. माळ तुटणं हा अपशकुन नाही, झिजलेला दोरा तुटतोच. अगदी दुरुस्त होण्यापलीकडची झाली तर मणी सोडवून तुळशी वृंदावनातल्या मातीत पुरा आणि दोरा कचऱ्यात टाका.